एक वीत

हुमेराने मैतूच्या कपाळाला पट्टी बांधली,
पट्टीवर वाटाण्याएवढा कॅमेरा.
म्हणाली, ताई, रोजच्यासारखं चालू द्या,
मी नाहीच असं समजा.
दहा बाय बाराच्या खोलीत
नाहीच कसं होणार कुणी?
ती फ्रिजला टेकून उभी राहिली,
वही पोटाशी धरून.

मी फॉल लावायला घेतला.
प्रतीक्षानगर, चौथा मजला, सकाळचे अकरा,
पाणी नुकतंच गेलेलं.
मैतू निघाली भांड्यांच्या टोपलीकडे.

आठवड्याने लॅपटॉपवर पाहिलं,
तिच्या कपाळातून.
आधी नुसती फरशी.
फरशी, फरशी, तडा,
तड्याशी घुटमळलेली एक मुंगी, पुन्हा फरशी.
रांगताना तिचं जग एवढंच,
तळव्यांपुढची दीड लादी.
वर बघायचं तर थांबावं लागतं,
थांबून बसावं लागतं,
आणि रांगता रांगता बसणं तिला परवाच जमलंय,
तेही डावीकडे कलतं.

बसली.
खोली एकदम उभी राहिली.
शिलाई मशीनचे पाय, दोरीवरचे परकर, हुमेराचे गुडघे,
सगळं डुललं, ती डुलली म्हणून,
भाऊच्या धक्क्याला लागलेल्या लाँचसारखं.
मग हात टोपलीत गेला
आणि वाटी आली.

इथे हुमेराने चित्र थांबवलं.
वाटीने पडदा भरला होता.
मैतूचा हात तो केवढा! माझी एक वीत,
वर दोन बोटं.
तेवढ्या अंतरावर आमटीची वाटी धरली
की मागे काही उरत नाही.
मशीन गेलं, परकर गेले,
गाळा रिकामा करायची नोटीस गेली
जी आम्ही कॅलेंडरखाली टाचलीय.
राहिलं काठावरचं सासूबाईंचं नाव,
टिंबाटिंबांनी कोरलेलं.
इंदुमती. उलटं. मग आडवं.
मैतू फिरवेल तसं.
आणि डोकं इतकं स्थिर,
झोपेतसुद्धा नसतं तेवढं.

हात थांबले म्हणून नजर थांबली
की नजर थांबली म्हणून हात?
हुमेरा म्हणाली, तेच तर शोधतोय.

मी विचारलं, यात मी कुठाय?

तिने पुढे पळवलं.
चौदा मिनिटांत माझं तोंड दोनदा,
त्यातही एकदा नुसती हनुवटी.
लागलं मला. खोटं कशाला बोलू.
नऊ महिने मी धरून चालले होते
की ती माझ्याकडेच बघते.

ती म्हणाली, ताई, हात मोजा.

सुई ओढणारा हात.
दोरा वर नेणारा, पडद्याबाहेर, दातांकडे.
निऱ्यांची बाजू चाचपणारा.
आणि वाटी घरंगळली तेव्हा
ती पुन्हा तिच्याकडे लोटणारा.
हे मला आठवतही नाही.
माझी नजर फॉलवरून हलली नव्हती,
हात आपला गेला आणि आला.
मैतूची नजर त्याच्या मागे गेली,
नजरेमागे मान,
मानेमागे सगळी मैतू,
आणि पडली.
पंखा.
पात्यांवरची धूळ, दिवाळीपासूनची,
आता कॉलेजात जमा.

रात्री ती वाटी घेऊन मी जमिनीवर आडवी झाले.
हात लांब केला.
माझा हात फार वाढलाय.
कशीही धरली तरी कडेकडेने
कॅलेंडर दिसतं, त्याखालून डोकावणारा कागद,
मशीनवर उद्याच्या सात साड्या.
कोपर दुमडलं.
अजून दुमडलं.
नाव वाचता येईना इतकी जवळ,
नुसतं स्टील, थोडा हळदीचा वास.

तेवढ्यात पलीकडून
वाटीवर कुणीतरी थाप मारली.